अंध व्यक्तीने लिनक्सची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोजवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची (स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) चांगली सवय झाली आहे, प्रोग्रॅमिंग शिकणं चालू आहे आणि जिथे जावं तिथे लिनक्सचं नाव निघतं. पूर्ण अंध माणसाला डोळस मदतीशिवाय लिनक्स टाकता येतं का? कोणतं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच, घ्यावा? विंडोज काढून टाकावं का? आणि ‘लिनक्स आपल्यासाठी नाहीच’ असं एक अनुभवी मित्र सांगतो, ते खरं मानावं का?

मी स्वतः अंध आहे आणि सर्व्हर सांभाळून पोट भरतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं द्यायला नको. पण तुमचा मित्र उगाच बोलत नसणार. असं म्हणणाऱ्या बहुतेकांची सुरुवात मी ऐकली आहे आणि ती साधारण एकसारखीच असते. पेनड्राइव्ह बनवला, मशीन चालू केलं, आवाज आला नाही, विषय संपला. म्हणजे सगळ्यात अवघड पायरी त्यांनी सगळ्यात आधी घेतली. नवी सिस्टीम, नवा स्क्रीन रीडर, नवी कमांडलाइन आणि मुका बूट मेनू, असे चौघे एकदम अंगावर आले तर कोणीही पळेल. शिवाय शांतता पसरते तेव्हा चूक या चारांपैकी कुठे झाली हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), मग ओर्का हा लिनक्सचा स्क्रीन रीडर आणि इन्स्टॉलेशन सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट नवी.

एक सूचना आधीच देतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि स्मॉल लेटर्समध्येच करायच्या. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर ही दोन वेगळी अक्षरं वाटतात.

टर्मिनल शिकायला विंडोज सोडावं लागत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल लिहा, स्पेस द्या, दोन डॅश आणि त्यांना चिकटून ‘इन्स्टॉल’ लिहून एंटर करा. मशीन रीस्टार्ट केलं की उबंटू हे डिस्ट्रो तुम्हाला नाव आणि पासवर्ड विचारेल. आता समोर खरं लिनक्स आहे आणि बोलणारा तुमचा नेहमीचा एनव्हीडीए आहे. साउंड, ड्रायव्हर, बूट यांतलं काहीही मध्ये येत नाही.

पहिला गोंधळ इथेच होतो. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही कमांड दिली की पासवर्ड मागितला जातो, कारण सुडो म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने काम करणं. तुम्ही टाइप करता आणि एनव्हीडीए एक अक्षरही बोलत नाही, साधं ‘स्टार’सुद्धा नाही. नवखा माणूस इथे हटकून थांबतो, कीबोर्ड अडकला असं समजून पुन्हा टाइप करतो आणि पासवर्ड दुप्पट लांब होतो. काही अडकलेलं नसतं. तिथे बहुतेक वेळा डोळस माणसालाही काही दिसत नाही, ती जुनी रीतच आहे. शांतपणे पूर्ण पासवर्ड टाइप करा आणि एंटर दाबा.

दुसरा गोंधळ ‘एलएस’ या कमांडचा. फोल्डरमध्ये काय काय आहे ते ती सांगते, पण नावं शेजारी शेजारी रकान्यांत मांडते. नजरेला ते सोयीचं असतं. आपल्याला मात्र एका ओळीत चार असंबद्ध नावं ऐकू येतात. म्हणून ‘एलएस, स्पेस, डॅश, एक’ असं लिहायचं, की प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर येतं. तिथे आकडा एक आहे. आकड्याऐवजी एल हे अक्षर लिहिलं तर फाइलचा आकार, तारीख, परवानग्या असा सगळा तपशील येतो. डोळस विद्यार्थी या दोन चिन्हांत नेहमी फसतात, कारण स्क्रीनवर ती जवळजवळ सारखी दिसतात. आपल्या कानाला तो त्रास नाही.

विरामचिन्हांची पातळी मात्र वाढवा. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि पी दाबत ती ‘ऑल’वर न्या. विंडोजमध्ये डॉट, डॅश, स्लॅश गाळून ऐकण्याची सवय झालेली असते, पण इथे कमांडचा अर्थच त्या चिन्हांत असतो. पहिले काही दिवस हे कटकटीचं वाटेल. कमांड लिहून झाली की एंटर दाबण्याआधी वर्तमान ओळ एकदा ऐकायची सवय लावा, आणि ‘आरएम’सारखी पुसून टाकणारी कमांड असेल तर अक्षर अक्षर ऐका. चुकून पडलेली एक स्पेस काय करू शकते हे डोळस माणसाच्या लक्षात एखादे वेळी येईल. आपल्याला ते फक्त ऐकूनच कळणार.

उत्तर लांबलचक आलं तर स्क्रीनवर शोधत बसू नका, ते फाइलमध्ये वळवा. कमांडच्या पुढे ग्रेटर-दॅन चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं, की सगळं त्या फाइलमध्ये जातं. मग ती नॅनो एडिटरमध्ये किंवा सरळ विंडोजच्या नोटपॅडमध्ये निवांत वाचा. मी अजूनही रोज हेच करतो. त्यातून फक्त हवी ती ओळ काढायची असेल तर ‘ग्रेप’ शिकून घ्या. डोळस माणूस नजर फिरवून जे शोधतो, ते काम आपल्यासाठी ग्रेप करतं, आणि खरं सांगायचं तर जास्त वेगाने करतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये हजारो ओळी असतात. तिथे माझे डोळस सहकारीही शेवटी ग्रेपच वापरतात.

फाइल बनवणं, हलवणं, शोधणं, पॅकेज टाकणं आणि एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनलमधूनच, दुसऱ्या मशीनवर जाणं एवढं सहज जमू लागलं, की पुढे चला. नोकरीपुरतं लिनक्स हवं असेल तर कदाचित इथेच थांबलं तरी चालेल. सर्व्हरला स्क्रीन नसतोच. आपण एसएसएचने जोडतो आणि आपला नेहमीचा स्क्रीन रीडर आपल्या मशीनवर बोलतो. या कामात अंध आणि डोळस यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्य आहे.

आता ओर्का. हा लिनक्सच्या डेस्कटॉपचा स्क्रीन रीडर. २००६ साली ग्नोम या डेस्कटॉपच्या २.१६ आवृत्तीबरोबर तो त्यात आला. त्याची घडण मुख्यतः सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली, ॲक्सेसिबिलिटीचं मनुष्यबळ आटलं आणि तेव्हापासून हे काम मोजक्या लोकांच्या खांद्यावर आहे. लिनक्स डेस्कटॉप कुठे उत्तम बोलतो आणि कुठे अचानक गप्प होतो, त्याचं बरंचसं कारण यात आहे.

आवाज ओळखीचाच निघेल. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक-एनजी इथेही असतो. ओर्का जे बोलायचं ते स्पीच-डिस्पॅचर नावाच्या मध्यस्थाला देतो आणि तो ईस्पीककडून बोलवून घेतो. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे आवाज गेला की लागेल.

ग्नोममध्ये ऑल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबले की ओर्का सुरू होतो. सुपर म्हणजे विंडोजची की. दुसरा कुठला डेस्कटॉप असेल आणि हा शॉर्टकट लागला नाही, तर ऑल्ट-एफ२ दाबून ‘ओर्का’ टाइप करा आणि एंटर. न्यूमेरिक कीपॅडवर हात ठेवलात तर घरी आल्यासारखं वाटेल: सात-आठ-नऊ ओळींसाठी, चार-पाच-सहा शब्दांसाठी, एक-दोन-तीन अक्षरांसाठी, अगदी एनव्हीडीएसारखंच. लॅपटॉप मांडणीत इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक ही ओर्काची की होते. वेबपेजवर एच हेडिंगला, के लिंकला आणि टी टेबलला नेतं, त्यातही नवं काही नाही. लँडमार्कसाठी मात्र डीऐवजी एम. लिंकची यादी हवी तर ऑल्ट-शिफ्ट-के, हेडिंगची हवी तर ऑल्ट-शिफ्ट-एच.

सगळ्यात जास्त छळते ती वेगळीच सवय. एनव्हीडीएमध्ये ब्राउझ (पान वाचायचा) आणि फोकस (टाइप करायचा) मोड बदलायला बोटं आपोआप इन्सर्ट-स्पेसवर जातात. ओर्कामध्ये त्याने सेटिंग्जची खिडकी उघडते. फॉर्म भरता भरता समोर भलतंच काही उघडलं तर घाबरू नका, एस्केप दाबा आणि मोडसाठी इन्सर्ट-ए वापरा. कोणती की काय करते हे तपासायला इन्सर्ट-एच दाबून लर्न मोडमध्ये जा, एस्केपने बाहेर या.

हा सराव व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) करता येतो, पण तिथे आवाज तुटक येतो आणि की दाबल्यावर उशिरा ऐकू येतं. शिवाय इन्सर्ट की आधी बाहेरचा एनव्हीडीए पकडतो. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत असताना इन्सर्ट-शिफ्ट-एस दाबून त्याला स्लीप मोडमध्ये पाठवा. ओर्का मंद वाटला तर दोष व्हर्च्युअल मशीनचा धरा, ओर्काचा नाही. एखादा जुना लॅपटॉप हाताशी असेल तर तोच बरा.

डिस्ट्रो कोणतं? अंधांसाठी खास बनवलेलं एखादं शोधू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. विनक्स होतं, सोनार होतं, दोन्ही चांगल्या हेतूने निघाली आणि दोन्ही बंद पडली. दोन-चार माणसं थकली की असे प्रकल्प संपतात आणि वापरणारा जुन्या, अपडेट न मिळणाऱ्या सिस्टीमवर अडकतो. मोठ्या, सगळ्यांच्या डिस्ट्रोमध्ये जी सोय आहे ती टिकते. माझी निवड डेबियन, त्यावर माटे डेस्कटॉप. माटे दिसायला जुनाट आहे म्हणतात. आपल्याला त्याचं काय! मेनू सरळ आहेत, बदल क्वचित होतात, ओर्का त्यावर स्थिर चालतो. ग्नोम जास्त आधुनिक आहे, पण त्याच्या नव्या वेलँड या यंत्रणेत ओर्काच्या शॉर्टकटनी, विशेषतः कॅप्स लॉकने, बरीच वर्षं त्रास दिला. २०२५च्या ग्नोम ४८मध्ये ती बाजू बरीच सावरली. म्हणून ग्नोम घ्यायचं तर नवी आवृत्ती घ्या.

डेबियनचं मुख्य कारण त्याचा इन्स्टॉलर आहे. विंडोजमध्ये रुफस या प्रोग्रॅमने इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून मशीन चालू करा. अडचण असते ती पेनड्राइव्हवरून बूट करायला सांगण्याची, कारण बायोसचा, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जचा, स्क्रीन बोलत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या रिकव्हरी भागात ॲडव्हान्स्ड स्टार्टअप आहे, तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो. तेही जमेना तर फोनवरच्या सीइंग एआय किंवा बी माय आइज या ॲप्सना स्क्रीन दाखवा, नाहीतर कोणाकडून तरी बूटचा क्रम एकदाच बदलून घ्या. एवढ्या एका पायरीला डोळस मदत घेतली म्हणून काही बिघडत नाही. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करायला मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०१९च्या डेबियन १०पासून ते चालू ठेवूनच काम होतं.

मेनू तयार झाला की मशीन बीप देतं. आजच्या पुष्कळ लॅपटॉपना बीप देणारा स्पीकरच नसतो, तेव्हा अर्धा-एक मिनिट थांबा, एस दाबा आणि एंटर द्या. थोड्या वेळाने ईस्पीक बोलू लागेल. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त साउंडकार्ड असतील, आणि एचडीएमआयमुळे ती बहुधा असतातच, तर इन्स्टॉलर एकेका कार्डवर बोलून पाहतो. ऐकू आलं त्या क्षणी एंटर दाबायचं. पुढे प्रत्येक प्रश्नाला पर्यायांची क्रमांकवार यादी येते, आकडा टाइप करून एंटर. इतका सरळ इन्स्टॉलर मी विंडोजमध्येही पाहिला नाही.

दोन-तीन ठिकाणी सावध राहा. रूट म्हणजे मुख्य ॲडमिनिस्ट्रेटर खातं, त्याचा पासवर्ड विचारला की रिकामा सोडून एंटर करा, म्हणजे तुमच्याच खात्याला सुडोचा अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड दिलात तर पुढे सुडो नाही म्हणतं आणि नवख्याला कारण सापडत नाही. डेस्कटॉपच्या यादीत माटेचा आकडा द्यायला विसरू नका. डिस्क एनक्रिप्ट करायचा पर्याय पहिल्यांदा टाळा, कारण बूट होताना तो पासवर्ड मागतो तेव्हा कोणीच बोलत नसतं. अंदाजाने थांबून टाइप करणारे आहेत, पण सुरुवातीला नको. आणि डिस्क निवडताना आकार दोनदा ऐका. महत्त्वाचा डेटा असलेली दुसरी डिस्क जोडलेली असेल तर ती सरळ काढून ठेवा.

बोलून इन्स्टॉल केलं, की डेबियन नव्या सिस्टीममध्येही बोलण्याची सोय करून ठेवतं.

आवाज गेला तर काय करायचं, हे मात्र आवाज असतानाच पाठ करून ठेवा. आधी आवाज वाढवायची की दाबा. ग्नोममध्ये त्याला ‘टुप’ असा आवाज येतो. तो आला तर साउंड ठीक आहे, बिघाड ओर्काकडे किंवा मध्यस्थाकडे. मग ऑल्ट-एफ२, ‘ओर्का, स्पेस, दोन डॅश, रिप्लेस’, एंटर. अडकलेला ओर्का जातो आणि नवा उभा राहतो. तरीही गप्प असेल तर पुन्हा ऑल्ट-एफ२ दाबून ‘एसपीडी-से, स्पेस, हॅलो’ लिहा. हॅलो ऐकू आलं तर स्पीच-डिस्पॅचर जिवंत आहे. नाही आलं तर ‘किलऑल, स्पेस, स्पीच-डिस्पॅचर’ आणि पुन्हा ओर्का. दहापैकी आठ वेळा इथपर्यंत काम होतं. हीच एसपीडी-से कमांड एरवीही उपयोगी आहे: लांब चालणाऱ्या कामापुढे सेमीकोलन देऊन ती लिहिली, की काम संपल्यावर मशीन हाक मारतं.

चुकून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलंत तर डेस्कटॉप मागे राहतो आणि निव्वळ टेक्स्ट कन्सोल समोर येतो. तिथे ओर्काचं राज्य नाही. कन्सोलसाठी स्पीकअप आहे. तो लिनक्सच्या कर्नेलचाच भाग आहे, २०१०पासून प्रायोगिक विभागात होता आणि २०२०मध्ये ५.९ आवृत्तीत मुख्य भागात आला. कन्सोल आणि डेस्कटॉप दोघेही एकाच साउंडकार्डवर हक्क सांगतात, त्यातून एकाचा आवाज बंद होण्याचे प्रकार घडतात. मी कन्सोलसाठी साधं यूएसबी साउंडकार्ड वेगळं ठेवलं आहे, भांडणच मिटलं.

ब्रेल डिस्प्ले असेल तर तुम्ही नशीबवान. डिस्प्लेवर ब्रेल दाखवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम कन्सोलवर आणि डेस्कटॉपवर दोन्हीकडे चालतो, त्याला साउंडकार्डाशी देणंघेणं नाही. इलेक्ट्रॉनिक बोर्ड यूएसबीने जोडताना अडचण आली की ‘बीआरएलटीटीवाय काढून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. देणारा डोळस असतो. आपण तो ऐकायचा नाही.

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांनी १९९५ साली काढलेलं ईमॅक्सस्पीक हे वेगळंच जग आहे. त्यात सगळं काम एका बोलणाऱ्या एडिटरमधून होतं. ईमॅक्स येत असेल तर जरूर बघा, पण पहिल्या महिन्यात नको.

मराठी वाचायचं तर ईस्पीक-एनजीमध्ये मराठी आवाज आहे. यंत्रासारखा आहे, पण वेग वाढवून तासन् तास ऐकता येतो. ओर्कामध्ये दोन प्रोफाइल बनवा, एक इंग्रजी आवाजाचं आणि एक मराठीचं, आणि त्यांच्यात बदल करायला एक शॉर्टकट स्वतः नेमून घ्या. कमांड मराठी आवाजात ऐकायच्या भानगडीत पडू नका. टाइप करायला आयबस या कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळतं. स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचायला टेसरॅक्ट हा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा, प्रोग्रॅम आहे, त्याचा मराठी डेटा वेगळा टाकावा लागतो. छपाई स्वच्छ असेल तर निकाल समाधानकारक येतो. एका कमांडमध्ये अख्ख्या फोल्डरमधली पानं टेक्स्ट करून घ्यायची आणि हवं तेव्हा ऐकायची. टर्मिनल आधी शिकायचं ते यासाठीही.

काय चालत नाही तेही ऐका. जॉज हा विंडोजचा स्क्रीन रीडर लिनक्सवर नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस नाही, त्याऐवजी लिब्रेऑफिस आहे आणि ते ओर्काबरोबर चांगलं चालतं, पण गुंतागुंतीच्या वर्ड फाइलची मांडणी कधी कधी हलते. वाइन या साधनातून लिनक्सवर चालवलेले विंडोजचे प्रोग्रॅम ओर्काला दिसतच नाहीत, त्यामुळे तो मार्ग आपल्यासाठी बंद समजा. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड यांवर रोजचं काम बिनघोर होतं.

विंडोज काढू नका. एकाच मशीनवर दोन्ही ठेवायचा मोहही आवरा, कारण कोणती सिस्टीम सुरू करायची हे विचारणारा ग्रबचा मेनू मुका असतो. दुसरं मशीन नसेलच आणि दोन्ही एकत्र ठेवावी लागली, तर ‘ईएफआयबूटएमजीआर’ नावाचं साधन लिनक्समध्ये टाकून घ्या. पुढच्या वेळी कोणती सिस्टीम सुरू व्हावी हे त्याने बोलत्या टर्मिनलमधूनच सांगता येतं, मेनूपर्यंत जावंच लागत नाही. विंडोजवरून लिनक्सकडे यायचं तर पेनड्राइव्हसाठी सांगितलेला ॲडव्हान्स्ड स्टार्टअपचाच रस्ता. आज संध्याकाळी वेळ असेल तर डब्ल्यूएसएल टाकून घ्या.